संत्र्याच्या दोन गोळ्या

दहिसर, ता. ७ ऑगस्ट १९८६

ती. शेवंताताईस, सुगंधाचा सा. न. वि. वि.

हे मस्कतहून सुट्टीवर आलेत. तुझ्या डायबेटीससाठी बिनसाखरेच्या संत्र्याच्या गोळ्या आणल्यात, शेजारच्या मालनच्या हाती पाठवतेय. डॉक्टरांना विचारलंय, दिवसाला दोन चालतील. जास्त खाल्ल्यास तर पोट बिघडेल, मग बस चाळीच्या रांगेत टमरेल घेऊन. भात बंद, भाकरी अर्धी, निदान तोंड तरी गोड कर. फार वाळलीयस म्हणे.

लोभ आहेच, तो तेवढा वाळू देऊ नकोस.

तुझी सुगंधा

नाहूर, ता. १८ ऑगस्ट

चि. सुगंधास अ. उ. आ.

पुडा उघडला नि वासानेच हात थांबला. तुझे भावोजी अंथरुणाला खिळले होते, तेव्हा अशीच एक संत्र्याची गोळी मागत होते. साखर चारशेवर गेलेली. मी वैतागून बोलून गेले, खा नि मरा एकदाचे. तिसऱ्या दिवशी गेले. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, आठवतंय? सगळ्यांनी शब्द दिले, पोरीचं लग्न करू, गावचं घर शाकारू. काय अडलंय ते मला ठाऊक होतं, पण चारचौघांत गोळीचं नाव घ्यायची लाज वाटली. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून उरकलं.

आता रोज दुपारी मी जेवायला बसले की खिडकीच्या गजावर एक कावळा येतो. भाकरी टाकली तर बघतही नाही. त्याच्यासमोर गोळी कशी चघळू गं? हल्ली घासच उतरत नाही. भीती वाटते.

माया आहे तशी असू दे.

तुझी ताई

दहिसर, ता. २५ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

वर्षभर पोटात ठेवलं ते लिहिते, मग हवं तर बोलू नकोस माझ्याशी. त्या दिवशी मी तुझ्याकडेच होते. तू तणतणत नळावर गेलीस, तेव्हा माझ्या पर्समधली गोळी मी भावोजींच्या तोंडात घातली. साखरेची. चघळत हसले. म्हणाले, तुझ्या ताईला सांगू नको, ती जीव टाकते माझ्यावर. तेव्हा तू भिऊ नकोस, जेव. माझ्या गोळीनेच ते गेले का, हे मात्र मला खातं.

रागावलीस तरी पत्र टाक.

सुगंधा

नाहूर, ता. २ सप्टेंबर

चि. सुगंधास अ. उ. आ.

दोन दिवस तुझा राग आला, मग गेला. एका गोळीने माणूस जात नाही, डॉक्टरांनी कधीच हात टेकले होते. गोळी मिळाली होती, म्हणजे अडलं होतं ते माझ्या बोलण्यावर. काल गजाजवळ गोळी ठेवली नि कावळ्याला मोठ्याने सांगितलं, बोलले ते मागे घेते. त्याने गोळीला चोच लावली नाही. मान वाकडी करून पाहिलं नि उडाला. ती गोळी मीच खाल्ली. दोनच खाईन, शपथ.

आज तो आला नाही. बारा वाजल्यापासून मी खिडकीत बसलेय.

पुढच्या पत्रात बाकी काही नको. ते हसले होते, एवढंच पुन्हा लिही.

तुझी ताई