वरच्या मजल्यावरचा फ्रिज

४ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

गुडघा ऐकत नसताना तुम्ही शिडीवर चढून शेजाऱ्यांची टाकी दुरुस्त केलीत, हे दादाकडून कळलं. प्लंबर निवृत्त झालाय, हे आता टाक्यांनाच कुणीतरी कळवायला हवं.

एप्रिलमध्ये तुमच्या पंच्याहत्तरीला मी येणारच. पण त्या दिवशीची प्रार्थना मी सांगावी असं तुम्ही लिहिलंत, ते माझ्याकडून होणार नाही. आडून आडून सांगण्यापेक्षा सरळ लिहिते. बाबा, माझा देवावर विश्वास राहिलेला नाही.

गेल्या वर्षी आमच्या प्रसूतिगृहात एक बाई बाळंतपणानंतर रक्तस्रावाने गेली. इंजेक्शन खालच्या मजल्यावरच्या फ्रिजमध्ये, फ्रिजला कुलूप, किल्ली मेट्रनच्या कमरेला आणि मेट्रन जेवायला गेलेली. तिच्या नवऱ्याला मी म्हटलं, देवाची मर्जी. तो बिचारा मान हलवून गेला. ते शब्द माझ्या मनातून काही केल्या गेले नाहीत. गळका नळ पाहून तुम्ही कधी देवाची मर्जी म्हणून घरी परत आलात का? एक प्रश्न विचारला आणि पुढचं सगळं सुटत गेलं. आता फार हलकं वाटतं.

रागावा, पण लोभ कमी करू नका.

तुमची,
ठमी


१३ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

नळाच्या गोष्टी मला शिकवू नकोस. तुझी आई गेली तेव्हा याच प्रार्थनेने मला उभं केलं. तू शेजारी बसून माझ्याबरोबर म्हणत होतीस. ते सगळं खोटं होतं का?

मंडळी विचारतील, तर काय सांगू? प्रार्थना म्हणायची नसेल तर येऊ नकोस. हे रागाने लिहितो आहे, आणि तो राग तुला कळावा म्हणूनच लिहितो आहे.

थंडी आहे. कान झाकून फिर.

बाबा


९ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

ते खोटं नव्हतं. मी तेव्हा तुमचा हात धरला होता, आणि तो हात खरा होता.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. वर्षभर मी त्या फ्रिजसाठी मेट्रनच्या मागे हात धुऊन लागले होते. ती मला डोकेदुखी म्हणायची. शेवटी फ्रिज वर प्रसूतीच्या खोलीतच आला, कुलपाशिवाय. काल एका बाईला तसाच रक्तस्राव सुरू झाला. मी हात लांबवला आणि इंजेक्शन हातात आलं. बाई वाचली. आज उठून बसली आणि चहा फिका आहे म्हणून माझ्याशी भांडली.

पूर्वी चांगलं झालं की देवाची कृपा आणि वाईट झालं की देवाची मर्जी. माझ्या वाट्याला काहीच नाही, दोषही नाही आणि श्रेयही नाही. काल पहिल्यांदा मी स्वतःशी म्हटलं, हे मी केलं. कपडे बदलायच्या खोलीत मी चक्क नाचले, बाबा. आणि हे पहिल्यांदा कुणाला सांगावं, तर तुम्हीच आठवलात.

बोलावलंत तर येईन. नाही बोलावलंत तर त्या दिवशी ड्युटी घेईन आणि मधूनमधून रडेन.

तुमचीच,
ठमी


१७ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र परवा प्रार्थनेनंतर मंडळींना वाचून दाखवलं. तुझा नाच तेवढा गाळला. ऐकून शेजारचे शिंपीकाका डोळे मिटून म्हणाले, देवाची कृपा. सगळ्यांनी माना डोलावल्या. एरवी सगळ्यांत आधी माझी डोलते. परवा हलली नाही. मी म्हटलं, देवाशी माझं भांडण नाही, पण तो फ्रिज वर आणला माझ्या मुलीने. जरा मोठ्यानेच म्हटलं असावं, कारण शिंपीकाका दचकले.

माझा देव माझ्यापाशी राहील. या वयात त्यावर वाद नको. तू पंच्याहत्तरीला ये आणि माझ्या शेजारी बस. प्रार्थना आम्ही म्हणू, तू गप्प बसलीस तरी चालेल. कुणी विचारलं तर उत्तर मी देईन.

पत्राच्या माथ्यावर लिहिलेले आशीर्वाद माझे स्वतःचे आहेत, वरून आलेले नाहीत. तेव्हा घ्यायला तुझी हरकत नसावी.

तुझा,
बाबा