वेली पाण्यानं मेल्या, अण्णा

अण्णा, तुमच्या पानमळ्यात पाऊल ठेवायची मला बंदी झाली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. आज अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, तुम्हाला जाऊनही अठरा वर्षं झाली, आणि मी अमेरिकेत, ऑरेगॉनच्या विलॅमेट खोऱ्यात, द्राक्षमळ्याची मुकादम आहे. हो, मुकादम. आणि हो, वाइनची द्राक्षं. गणपतीत इथल्या एका काकूंनी विचारलंच, "म्हणजे दारूच्याच धंद्यात ना गं तू?" मी म्हटलं, "काकू, दारू दुसरे करतात, मी वेली सांभाळते." तुम्हाला दारूचं एवढं लागलं नसतं. मी वेलीला हात लावते, याचं लागलं असतं.

आमच्या द्राक्षाचं नाव पिनो न्वार. मणी काळा आणि बारीक, घड घट्ट, साल अगदी पातळ. कडक उन्हात चव जाते म्हणून ही जात थंड मुलखातच लावायची, आणि थंड मुलखात पिकायला ऑक्टोबर उजाडतो, नेमका पावसाच्या तोंडावर. "पानवेल म्हणजे सोवळ्यातली बाई, तिला काही खपत नाही," असं तुम्ही म्हणायचात. पिनो तिची थोरली बहीण शोभेल. पण हिला काय खपत नाही, ते मी स्वतः पाहिलंय. साचलेलं पाणी खपत नाही, कोंदट हवा खपत नाही. बाईची पाळी तिच्या गावीही नसते.

वेल बांधायला तुम्हीच मला शिकवलंत. लव्हाळ्याची गाठ, सैल आणि तरी न सुटणारी. माझ्या पोरीचा हात गड्यांपेक्षा जलद आहे, असं चारचौघांत सांगायचात. त्या श्रावणात आईनं मला बाहेर बसवलं होतं आणि बांधणी अर्धी राहिली होती. मला राहवलं नाही. चपला बांधावर काढल्या, गुपचूप आत गेले आणि विहिरीकडच्या दोन ओळी बांधून आले. पंधरा दिवसांनी ओढ्याकडच्या वेली पिवळ्या पडल्या, मग बुडातून काळ्या. आईनं मला मळ्यातून येताना पाहिलं होतं, तिच्या तोंडून खरं निघालं, आणि तुम्ही गड्यांसमोर म्हणालात, "माझा मळा हिनं खाल्ला." चार दिवसांची बंदी कायमची झाली. लग्न होऊन मी इकडे आले तरी तुम्ही तो शब्द मागे घेतला नाहीत. मीही भांडले नाही, कारण मला तो खराच वाटत होता. जवळजवळ तीस वर्षं खरा वाटत होता.

मग सहा वर्षांपूर्वी मी या मळ्यात कामाला लागले आणि वेलींच्या रोगांचा एक वर्ग लावला. शिकवणाऱ्या बाईंनी कुजलेलं मूळ हातात दिलं. मुळं पाण्यात राहिली की वेल बुडातून काळी पडते, म्हणाल्या. त्या श्रावणात ओढ्याकडचा चर उकरायचं तुमच्याकडून राहिलं होतं, अण्णा. आठ दिवस तिथल्या वाफ्यांत पाणी होतं. मी बांधलेल्या ओळी उंचावरच्या होत्या, आणि त्या तगल्या. ते कुणी पाहिलंच नाही, मीसुद्धा नाही. वेली पाण्यानं मेल्या. माझ्यानं नाही.

तीन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. पाऊस सुरू झालाय आणि द्राक्षं अजून आंबट आहेत. सत्तरीची मालकीण काठी टेकत येते आणि विचारते, "तोडायची की थांबायचं? तू सांग." घरी नवरा म्हणतो, "अगं, फोरकास्ट बघ ना. सगळं रॉट झालं तर तुलाच ब्लेम करतील. पिक करून टाका म्हणावं, उगाच रिस्क कशाला?" आणि त्याच सकाळी मला पाळी आलीय. मी मालकिणीला सांगते, थांबायचं. ते चारही दिवस मी पावसात ओळीओळीनं फिरते, वारा लागावा म्हणून घडांभोवतीची पानं काढते, मुद्दाम एकेका वेलीला हात लावते. नंतर आठवडाभर ऊन पडलं. काही घड सडले, ते कापून टाकले, बाकीचे गोड निघाले. मालकिणीनं एक मणी तोंडात टाकला आणि म्हणाली, पुढच्या वर्षीही तूच ठरव. एकही वेल मेली नाही. आजही सगळ्या उभ्या आहेत, या आणि बघा.

यंदा माझी पाळी कायमची थांबली. डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलं आणि मी गाडीत येऊन बसले. एवढी भांडणारी मी, मला वाटायला हवं होतं की बरं झालं, एक कटकट मिटली. हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून खरं लिहिते. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता अण्णा मला मळ्यात येऊ देतील.