डावी बाही उजवीकडे

चि. धाकट्यास,

दादाचे अनेक आशीर्वाद. तू, तुझी बायको आणि तुझं चष्म्याचं दुकान तिघंही खुशाल असाल असं धरून चालतो. इकडे माझा गुडघा, तुझ्या वहिनीची पाठ आणि आमचं शिलाई मशीन रोज कुरकुर करतात, पण कामावर वेळेत हजर असतात. तुझं पत्र पोचलं. महिनाअखेर शिंपीकाम बंद कर, तुझी नजर गेली, दोघंही माझ्याकडे राहायला या, असं तू लिहिलं आहेस. पुरावा म्हणून, मागच्या खेपेला मी तुझ्या घरी खुंटीवरच्या कोटाला ‘बसा’ म्हणालो, याची आठवण दिली आहेस. (कोट उत्तम शिवलेला होता. असा कोट घालणाऱ्याला मी नेहमीच बसायला सांगतो.) तुझा धंदाच असा, की तुला सगळं जग आंधळं दिसणार. तेव्हा आधीच सांगून टाकतो, दुकान बंद होणार नाही. का, ते पुढे वाच.

आमच्या लग्नाच्या वाढदिवसानिमित्त तू आमच्या कोपऱ्यावरच्या नव्या बारमध्ये दोघांचं जेवण ठरवून दिलंस, त्याबद्दल आभार. त्याला बार म्हणायचं नाही, असं दारातल्या मुलीने मला नम्रपणे सांगितलं. काय म्हणायचं ते तिने सांगितलं तेव्हा मी तिच्या कॉलरकडे पाहत होतो, त्यामुळे राहून गेलं. वर्षभरापूर्वी तिथे टायरचं गोदाम होतं. आता भिंतीच्या विटा मुद्दाम उघड्या ठेवल्या आहेत, खुर्च्या इतक्या उंच की तुझ्या वहिनीला दोनदा प्रयत्न करावा लागला, आणि पाण्यात काकडीच्या चकत्या. अंधार मात्र टायरच्या वेळचाच ठेवला आहे. संध्याकाळचे सातच वाजले होते, पण आत प्रत्येक टेबलावर एकेक मेणबत्ती आणि बाकी सगळं नशिबावर. आजूबाजूची विशी-पंचविशीतली मंडळी मोबाइलचा दिवा लावून मेनू वाचत होती. त्यांना कोणी दुकान बंद करा म्हणत नाही, हे तू लक्षात घे. मी मेनू हातात न घेताच वहिनीला म्हटलं, तू सांगशील ते. तिने बोट ठेवलं तिथलं सूप आलं, मासा आला, आणि आपल्या पोळपाटाएवढ्या लाकडी फळीवर चार बटाटे आले. मी बियर मागवली. तिनेही मागवली. (आईला कळवू नकोस.)

आता मुद्द्यावर येतो. सूप आणणारा वेटर उंचापुरा, देखणा, पण चालताना हात कोणी मागून धरल्यासारखा अवघडलेला. तीन टेबलं पलीकडून, त्या अंधारात, मी त्याच्या मनगटाकडे पाहिलं आणि बियरचा ग्लास खाली ठेवला. कोटाच्या बाहीची बटणं मागच्या शिवणीवर असतात, कोपराच्या बाजूला. याची पुढे होती. म्हणजे डावी बाही उजवीकडे आणि उजवी डावीकडे. बाहीला पुढे वाकण्याचा बाक दिलेला असतो. बाह्यांची अदलाबदल झाली की हात पुढे जातो आणि कोट मागे ओढतो. त्या बिचाऱ्याने वाटी ठेवायला हात लांबवला तर तीन बटणं वहिनीच्या सुपात बुडाली. आता तूच सांग, तीन टेबलांवरून बाही ओळखणाऱ्या माणसाची नजर गेली असं कोण म्हणेल?

मी ठरवलं, हे नीट झाल्याशिवाय इथून उठायचं नाही. वहिनीने टेबलाखालून पाय मारला. (पाय शेजारच्या गृहस्थांना लागला. त्यांनी आपल्या बायकोची क्षमा मागितली. कशाबद्दल, ते कळलं नाही.) मी वेटरला बोलावून म्हटलं, बाबा, कोट काढ. तो म्हणाला, “काका, इथे कोटाशिवाय फिरायची परवानगी नाही.” नियम म्हणजे नियम. मी माझा कोट काढून त्याला घातला. तो त्याच्या कोपरापर्यंत आला आणि तसाच तो सात नंबरला मासा घेऊन गेला. तिथल्या बाईंनी फोटो काढला. मला वाटतं, ती नवी फॅशन असावी असा त्यांचा समज झाला.

शिंप्याच्या सदऱ्याच्या खिशात उसवायची पत्ती, टाचण्या आणि सुईदोरा असतोच. मी मेणबत्ती जवळ ओढून दोन्ही बाह्या उसवल्या. अस्तराला थोडं मेण लागलं, तेवढ्यात मॅनेजर धावत आला. तो मला ओळखत होता. (या भागात मला ओळखत नाही असा कोण आहे?) कोटाशिवाय बसलेला म्हातारा, मांडीवर बिनबाह्यांचा कोट, आणि फळीवर बटाट्यांच्या शेजारी दोन बाह्या, हे पाहून त्याने हात जोडले आणि काय पाहिजे ते विचारलं. मी म्हटलं, उजेड. सगळे दिवे लागले. मंडळींना आपण काय खातोय ते पहिल्यांदाच दिसलं, तेव्हा बऱ्याच जणांनी चमचे खाली ठेवले. मी बाह्या टाचण्यांनी जागेवर लावून दिल्या आणि वहिनीने मासा संपवून, हात धुऊन, कच्चे टाके घातले. म्हणजे नुसती मदत केली. वेटरने कोट चढवला, हात पुढे केला, वर केला, मग खांदे उडवून हसला. महिनाभर खांदा दुखत होता म्हणे, त्याला वाटायचं आपल्याच हाताला काही झालंय. दुसऱ्या दिवशी दुकानात बोलावून कोट मशीनवर पक्का करून दिला. शेवटचं गोड मात्र आम्हाला न मागता आलं, दोन वाट्या.

तेव्हा आमची काळजी करू नकोस. दुकानाला टाळं लागणार नाही, आणि तुझ्या घरातली आमच्यासाठी रंगवलेली खोली तू चष्म्यांचे खोके ठेवायला वापर. तुझ्या बायकोला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दादा

ता. क. तिथल्या वेटरांचे कोट कोणी शिवले होते, असं तू विचारशीलच, तुला गप्प राहवत नाही. तिथले चौदाही कोट आमच्या दुकानातले. त्या एका कोटाची चूक माझी, माझ्या एकट्याची. तरीही दुकान बंद होणार नाही.

ता. क. २. भाऊजी, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून खाली चार ओळी लिहिते. बाह्या ह्यांनी नाही, मी बसवल्या होत्या. गेलं वर्षभर मीच बसवते. ह्यांना जवळचं दिसत नाही म्हणून मी शिवते, आणि मलाही दिसेनासं झालंय हे मी ह्यांना सांगितलं नव्हतं. ते त्यांना त्या दिवशी सुपाच्या वेळेला कळलं. स्वतःची चूक असती तर हे गुपचूप जेवले असते आणि दुसऱ्या दिवशी त्या वेटर पोराला दुकानात बोलावलं असतं. एवढा गोंधळ घातला तो मला बाही दिसायच्या आत ती उसवून टाकायला. मला दिसली होती. घरी येताना दोघंही बियरबद्दलच बोललो.

तेव्हा चष्मे दोन लागतील. आमचे नंबर तपासायला तुम्हालाच यावं लागेल, पण आलात की आधी ह्यांचे डोळे तपासा आणि माझे सहज, ओघात तपासल्यासारखं करा. ह्यांनी चूक स्वतःच्या नावावर लिहिली आहे, ती तशीच राहू द्या. मी हे वाचलं, हे त्यांना सांगू नका.