नदीमचं स्टिकर

मंगळवार, अमरावती. संध्याकाळ.

सर्व्हर मी बनवतो. नांदगाव पेठच्या शेडमध्ये एकेक डबा स्वतः जोडतो, दोन-दोन दिवस चालू ठेवून तपासतो. पण वर स्टिकर नदीमच्या वेब सॉफ्टवेअरचं. लोक डबे घेतात तेही त्याचं सॉफ्टवेअर चालवायला, आणि म्हणतात 'नदीमभाईची मशीन'. कॉलेजातही तेच. प्रोजेक्ट माझा, टाळ्या त्याला.

म्हणून आज अकोल्याहून कळलं की त्याची कंपनी बुडत आलीय, तेव्हा बरं वाटलं. इथे खोटं कशाला लिहू?

तासाभरात तेल्हाऱ्याच्या जिनिंगवाल्याचा फोन. "भाऊ, नदीमभाईची कंपनी बंद होऊन राहिली म्हनते. मंग तुमचा डबा मले कायले पायजे?"

कायले पायजे! माझा डबा!

आणि मी काय म्हणालो? "काई बंद नाई होत. नदीमसारखं डोकं अख्ख्या वऱ्हाडात नाई." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याची तारीफ केली. वाईट हे, की ती खरी होती.

मग नव्या डब्यावर ते स्टिकर लावलं. जरा तिरपं बसलं. उचकटून काढलं, आणि पट्टी धरून सरळ लावलं.