माप न घेतलेली राजकन्या

१४ ऑक्टोबर, दुपार

ती. ताईस,

नमस्कार. गुडघा आता जिने चढू देतो का? इकडे देवाच्या दयेने सगळे बरे आहोत. कागद पाठकोरा आहे, हसू नकोस.

पोरीला संगीत नाटकात काम मिळाल्याचं कळवलं होतंच. ऑपेराचं गाणं शिकलेला असा उंच पट्टीचा आवाज, सोप्रानो म्हणतात त्याला, त्याच्याजोग्या भूमिका नाटकात मोजक्याच. तिच्या गाण्याच्या बाई म्हणाल्या, "राजकन्या, भोळी प्रेमिका, नाहीतर मठातली संन्यासिनी." मी म्हटलं, "संन्यासिनी बरी." बाई हसल्या. मी थट्टा करत नव्हते.

मिळाली राजकन्या. पण ताई, कुठेतरी पाणी मुरतंय असं मला पहिल्यापासून वाटत होतं. बाकीच्यांना कपड्यांच्या मापाला बोलावलं, हिला नाही. "पुढच्या आठवड्यात" असं तीनदा म्हणाली. घरात घोकायची ती नुसती गाणी, संवाद एकही नाही. मी तिची पिशवी तपासली. हो, तपासली. पोथी वाचतानाही मन त्या पिशवीतच.

मंगळवारी न सांगता तालमीला जाऊन मागे बसले. रंगमंचावर दुसरीच देखणी मुलगी ओठ हलवत होती आणि आवाज आपल्या पोरीचा! ही विंगेत, स्टुलावर. सगळ्यांत वरचा सूर हिने लावला, टाळ्या तिला.

माझं डोकंच फिरलं. दिग्दर्शकाला गाठलं. "गळा माझ्या लेकीचा आणि तोंड दुसरीचं?"

तो गोंधळला. "काकू, भूमिका तिलाच दिली होती. नायक हात धरतो, आईला चालणार नाही, असं तीच म्हणाली. म्हणून ही तोड काढली."

"मला कुणी विचारलं?"

"ती म्हणाली, विचारण्यात अर्थ नाही."

तिचं खरंच होतं. कारण ताई, तुलाही लिहिलं नव्हतं, पण दोन वर्षांपूर्वी तिला अशीच भूमिका आली होती. टपालाने आलेलं ते पत्र मी उघडलं, वाचलं आणि फाडून टाकलं. त्या लोकांनी नंतर तिला विचारलंच असणार. तिने मात्र मला कधी एका शब्दाने विचारलं नाही.

दिग्दर्शक म्हणाला, शनिवारपर्यंत सांगा, बदल करता येईल. ओठ हलवून ती मुलगीही कंटाळली आहे. मी तिथेच हो म्हणून आले. पोरीला ठाऊक नाही. "जा, समोर उभी राहा" असं एकदम म्हटलं, तर यात माझा काय डाव आहे हेच ती शोधत बसेल. आणि तसं वाटायला मीच जागा करून ठेवली आहे. तेव्हा आधी त्या फाडलेल्या पत्राचं सांगायचं, मग भूमिकेचं.

ती आत चहा टाकतेय, गुणगुणतेय. मी स्वयंपाकघरात शिरले की गाणं थांबतं. इतके दिवस वाटायचं, ही काहीतरी लपवते.

आता उठते. धीर गोळा झालाय तोवर जाते.

तुझ्यापासूनही दोन वर्षं हे लपवलेली,
तुझी धाकटी