ईडन प्रेरी प्रवाळ समन्वय समिती

३ ऑगस्ट. सकाळी ७.
इलाचा फोन आला. माझ्याशी नाही, उल्काशी, म्हणजे तिच्या आईशी बोलली. पण विषय माझ्या अखत्यारीतला होता, त्यामुळे फोन मलाच होता असं धरायला हरकत नाही.

दिवाळीत मी चारचौघांत म्हणालो, इला माशांच्या खात्यात आहे, पुढे एमबीए करेल. तेव्हापासून एकुलती एक मुलगी बापाशी बोलत नाही. नऊ महिने झाले. मी काय शिवी दिली होती?

असो. इला मायामीत प्रवाळ वाचवायचं काम करते, कॅरिबियनमधले आठ देश मिळून. प्रवाळाची पिल्लं म्हणे प्रवाहाबरोबर शेकडो मैल वाहत जातात, एका देशात जन्मतात आणि दुसऱ्याच्या किनाऱ्याला घर करतात. मधला समुद्र कोणाच्याच मालकीचा नाही, तिथे जहाजं वाटेल तो धुडगूस घालतात. म्हणून खुल्या समुद्राचा करार अमेरिकेने मान्य करावा यासाठी तिच्या ऑफिसला पाठिंब्याची पत्रं हवीत, तीही समुद्रापासून लांब राहणाऱ्यांची. आपल्या मराठी मंडळाचं मिळेल का, एवढंच तिने आईला विचारलं. मुदत १५ ऑक्टोबर.

मिळेल का म्हणजे काय? एक कशाला, तीन मंडळांचं देतो. आमचं उत्तरेकडचं ईडन प्रेरी, टेक्सासमधलं अर्विंग, पूर्व किनाऱ्याजवळचं आयसेलिन. दोन आठवड्यांत विषय क्लोज. मग बघू कशी बोलत नाही.

९ ऑगस्ट.
समिती स्थापन. निमंत्रक मी. सदस्य तीन: आमच्या मंडळाचा अध्यक्ष संग्राम, अर्विंगचा राजेश, आयसेलिनचा श्रीरंग. लोगो तयार. इलाने पाठवलेलं पत्र एकच पान होतं, फार कोरडं. मी सुधारून सहा पानं केली. सुरुवात समुद्रमंथनापासून घेतली. उल्का म्हणाली, तिचं आहे तसंच पाठवा. उल्काला ड्राफ्टिंग कळत नाही.

१७ ऑगस्ट.
पहिला झूम कॉल. दोन तास. विषय: पत्रावर कोणाचं नाव आधी. श्रीरंग म्हणाला, समुद्र आम्हाला जवळ, मान आमचा. राजेश म्हणाला, मेंबर आमचे जास्त. संग्राम म्हणाला, आयडिया आमच्या त्र्यंबकची, म्हणजे माझी. निदान एवढं तरी बोलला. मी तोडगा काढला, नावं गोलात लिहू. तिघेही विचार करून सांगतो म्हणाले. प्रगती उत्तम.

२३ ऑगस्ट.
आमच्या आणि टेक्सासच्या मधल्या विचिटाचा घोळ. तिथली अकरा मराठी कुटुंबं कुठल्याच मंडळात नाहीत. त्यांच्या सह्या कोणाच्या यादीत धरायच्या? राजेश म्हणतो, टेक्सासला जवळ, म्हणजे आमची. संग्राम म्हणतो, त्यातले दोघे मागे आमच्या नाटकाला आले होते. इतकी वर्षं संक्रांतीला तिळगूळ घ्यायला त्यांना कोणी बोलावलेलं नाही. हा मुद्दा मी मिनिट्समध्ये घेतला नाही.

उल्का भाजी चिरता चिरता म्हणाली, इला म्हणते तो मधला समुद्र हाच की. अगदीच बाळबोध तुलना. राजेशने समितीचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडला.

२८ ऑगस्ट.
निर्धार: चिडायचं नाही.
मला एक जबरदस्त कल्पना सुचली. पत्र होईल तेव्हा होईल, इलालाच मंडळाच्या गणपतीत भाषणाला बोलवायचं. उल्काकडून फोन करवला. इला येतेय! सोबत तिच्या वरिष्ठ मिस जोसेफ, एका छोट्या बेटावरच्या बाई. आरतीआधी वीस मिनिटं दिली आहेत.

सत्काराला शाल-श्रीफळ नेहमीचंच. मी श्रीरंगला सांगून आयसेलिनच्या सराफाकडून पोवळ्याच्या दोन अंगठ्या मागवल्या. प्रवाळावर काम करणाऱ्यांना प्रवाळच द्यावं, इतकं औचित्य कोणाला सुचलं असतं? शिवाय पोवळं मंगळाचं, आणि इलाचं लग्न रखडलंय.

७ सप्टेंबर. सकाळी.
काल कार्यक्रम झाला. संग्रामचं मनोगत लांबलं, म्हणून वीसची बारा मिनिटं झाली. मिस जोसेफ म्हणाल्या, लहानपणी त्या पोहायच्या तिथलं प्रवाळ आता पांढरंफटक पडलंय, त्यांच्या नातीने रंगीत प्रवाळ फक्त फोटोत पाहिलं. लोकांनी हातातले फोन खाली ठेवले. मलाही आत कुठेतरी लागलं.

मग मी डबी उघडून त्यांच्या हातात दिली. त्यांनी विचारलं, खडा कसला? मी माईकवर सांगितलं, जेन्युइन कोरल, समुद्राच्या तळातून काढलेलं, प्लॅस्टिक-बिस्टिक नाही. टाळ्या पडल्या. बाई भारावल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. इलाने दोन्ही डब्या माझ्या हातात ठेवल्या आणि आरतीला न थांबता बाईंना घेऊन एअरपोर्टला गेली. फ्लाइटची घाई असणार. उल्का म्हणते, फ्लाइट आज दुपारची आहे.

१४ सप्टेंबर.
मंडळाच्या न्यूजलेटरमध्ये माझा, बाईंचा आणि अंगठीचा फोटो छापून आला. मीच पाठवला होता. तो आठही देशांत फिरला म्हणे, आणि इलाला ऑफिसात उत्तरं द्यावी लागतायत. लोकांना सेन्स ऑफ ह्यूमर नाही, यार. मी स्वतः पंधरा वर्षं पोवळं घालतो, माझ्यामुळे कुठला समुद्र आटला?

तरी मला वाईट वाटलं. खूप वाटलं. इलाला मेसेज लिहिला. आधी सॉरी लिहिलं होतं, ते काढून गैरसमज झाला असं लिहिलं. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

२८ सप्टेंबर.
राजेश परत आला, त्यामुळे संग्राम गेला. श्रीरंगला समुद्रमंथनाच्या जागी आयसेलिन मंडळाचा इतिहास हवाय. मी कोणाला दोष देत नाही. दोष संग्रामचा आहे.

११ ऑक्टोबर.
चार दिवस उरले. पत्राची पानं नऊ, सह्या एक. माझी. उल्का दिवसभर फोनवर. स्पीकरवर बायका खिदळतायत. म्हटलं, घरात गंभीर काम चाललंय. ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

१६ ऑक्टोबर.
काल पत्र गेलं. आमचं नाही. उल्काचं.

इलाचं एक पान, जसंच्या तसं. उल्काचा दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरींचा ग्रुप आहे. त्यावर तिने ते टाकलं. अर्विंगला राजेशच्या सुनेत्राने, आयसेलिनला श्रीरंगच्या ऋताने पुढे पाठवलं. पाच दिवसांत चारशे बारा सह्या. विचिटाची अकराच्या अकरा कुटुंबं आहेत. मंडळाचं नाव कुठेच नाही, नुसती माणसांची नावं, ज्याने आधी केली त्याचं आधी.

यादी मी तीनदा वाचली. संग्रामची सही आहे. राजेशची आहे, श्रीरंगची आहे. बायकोने समोर फोन धरला आणि यांनी मुकाट्याने केली. पत्राचं नाव काढलं की दोन महिने माझ्याशी भांडत होती ही माणसं.

माझी सही नाही. उल्काला म्हटलं, तुझ्या लक्षात राहिलं नसेल, आता घालता येईल का? ती म्हणाली, तारीख काल होती. आणि लक्षात होतं. इलाने सांगितलं होतं, बाबांची नको.

मी विचारलं, दिवाळीला येतेय ना ती. इला येत नाहीये. उल्का शनिवारी मायामीला चालली आहे. माझ्यापुरत्या आठ चकल्या डब्यात काढून ठेवल्यात, म्हणाली.