आईच्या यंत्राच्या बॅटऱ्या

तीर्थरूप आबांना,
चेन्नईहून नूतनचा नमस्कार. मी बरी आहे, जेवते वेळेवर.

फोनवर सामान भरलं का विचारलं की तुम्ही ‘बठ्ठं भरेल शे’ म्हणता आणि विषय संपतो, म्हणून कागदावर लिहिते. आईच्या ऑक्सिजन यंत्राच्या जादा बॅटऱ्या या वेळी मोठ्या बॅगेत ठेवू नका. एसटीत आपण मोलाची वस्तू लुगड्यात गुंडाळून तळाशी ठेवतो आणि बॅग सुतळीने शिवतो. मागच्या वेळी तुम्ही तसंच केलंत. विमानतळावर त्या बाहेर काढायला टाके उसवेपर्यंत विमान गेलं, इथल्या डॉक्टरांची तारीखही गेली. चूक माझी. घरात शिकलेली मी एकटी, आणि नियम मीच वाचला नव्हता.

मोठी बॅग विमानाच्या पोटात जाते, तिथे बॅटरी पेटली तर कुणाला लवकर कळत नाही. म्हणून प्रत्येक बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा, प्रत्येक वेगळ्या पिशवीत घाला आणि हातातल्या थैलीत सोबत न्या. विमान कंपनीचं परवानगीपत्र यासोबत आहे.

डॉक्टर म्हणतात, या महिन्यानंतर तिला प्रवास झेपणार नाही. आबा, पुन्हा तारीख मिळायची नाही.

तिला अजून बसूनच झोपावं लागतं का? खरं सांगा.

मोठी बॅग हवी तेवढी घट्ट शिवा. ती थैली मात्र खांद्यावरून उतरवू नका, पाया पडते.

तुमची वाट पाहणारी,
नूतन